गाडीच्या दारांना डॅम्पिंग केलं : माझा अनुभव

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर आमच्या वॅगन-आरमध्ये मागे बसलेल्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा. इंजिनाचं एवढं काही वाटत नव्हतं. टायरची घरघर आणि तिच्यात मिसळलेली दारांच्या पत्र्याची थरथर, ही खरी डोकेदुखी.

ॲक्सेसरीच्या दुकानात सल्ला मिळाला, "साहेब, थरथर थांबवणारी डॅम्पिंग शीट लावून अख्खी गाडी मढवून टाकू." माझ्या मते याची गरज नसते. डॅम्पिंग शीट म्हणजे ब्यूटाइल रबराचा थर आणि वर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्रा थरथरला की मधलं रबर पत्रा आणि फॉइल यांच्यात ताणलं जातं आणि त्या थरथरीचा जोर उष्णता होऊन जिरतो. म्हणजे ही शीट आवाज अडवत नाही, पत्र्याला गप्प करते. त्यासाठी सपाट पत्र्याचा मधला २५ ते ३० टक्के भाग झाकला तरी बहुतेक काम होतं. त्यापुढे वाढतं ते मुख्यतः गाडीचं वजन आणि आपलं बिल. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हात तापलेल्या गाडीत ती मऊ होते आणि वास मारते. मी २ मिलिमीटरची ब्यूटाइलच घेतली.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि दाराच्या पॅनेलला हात घातला. हँडलच्या खाचेतले स्क्रू आधी काढायचे, मग खालच्या कडेपासून एकेक क्लिप सोडवत वर यायचं. जुन्या क्लिपा तुटतात, जास्तीच्या आणून ठेवलेल्या बऱ्या. पॅनेलच्या मागे काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो फाडून फेकू नका, ही माझी कळकळीची विनंती. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दाराच्या पोटात उतरतंच आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. कागद नसेल तर तेच पाणी कार्पेटखाली मुरतं. तळाची भोकं शीटने बुजली तर पाणी साचून दार आतून गंजतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार महागात पडेल.

शीट कुठे लावायची ते बोटांनी टकटक करून ठरवलं. बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध 'टण्ण' असा पोकळ आवाज येत होता, कडेला आणि आतल्या आडव्या बारजवळ जेमतेम. मधली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. जुनी धूळ इतकी निघाली की फडकं काळंकुट्ट. दाराच्या आतल्या भोकांतून हात जाईल एवढेच तुकडे कापले आणि चिकटवण्याआधी उन्हात ठेवून मऊ केले. खरा कस रोलर फिरवताना लागतो. फॉइलवरची उठावाची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, खाली हवा राहता कामा नये. फॉइलच्या आणि पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे हवेतच. पॅनेल बसवण्याआधी बॅटरी जोडून काच पूर्ण खालीवर करून पाहिली, कुठे घासत तर नाही ना म्हणून.

मदतीला भाचा होता. पहिलं दार झाल्यावर त्याने दोन्ही बाजूंच्या दारांवर टकटक केली. "मामा, इकडे ठप्प, तिकडे टण्ण!" दार लावतानाचा आवाजही भारदस्त झाला आणि दारातल्या स्पीकरचा बास कितीतरी स्वच्छ आला. उरलेल्या शीटचे तुकडे डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात लावले. तिथला फरक माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, कारण तो मोठा पत्रा मोकळाच असतो.

एक्स्प्रेसवेवर मोबाईलच्या ॲपमध्ये डेसिबलचा आकडा फारसा हलला नाही. कानाला मात्र फरक लगेच कळला : खडखड आणि थरथर गेली, टायरची घरघर उरली. ती येते फ्लोअरमधून आणि चाकांच्या कमानींतून. ती अडवायला चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास वजनाचं जाड व्हिनाइल लागतं, खाली फोमचा थर द्यावा लागतो आणि कुठे फट ठेवून चालत नाही. त्यासाठी सीटा आणि कार्पेट काढणं आलं. आमचे टायर बदलायला झालेच आहेत. आधी कमी आवाजाचे टायर घालतो, मग फ्लोअरला हात लावायचा की नाही ते ठरवीन.