आमची वाटचाल : कसब्यातल्या दोन खणांपासून धायरीपर्यंत

माहितीपत्रकासाठी 'आमची वाटचाल' लिहून द्या, दोनशे शब्द पुरेत, असं मुलगी म्हणाली. दोनशे शब्दांत आमच्याकडे एक खांब उभा राहत नाही. जमेल तसं लिहितोय, कापायचं ते तिने कापावं.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांचं लाकूडकाम दुरुस्त करायचं, हा आमचा धंदा. त्याची सुरुवात पानशेतपासून धरायची. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा वडील १९ वर्षांचे होते, कसब्यात एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली शिकत होते. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांमध्ये गाळ उपसायला सगळेच गेले, तसे तेही गेले. ते सांगायचे, मातीच्या भिंती पेढ्यासारख्या विरघळल्या होत्या, पण कित्येक वाड्यांचा सागवानी सांगाडा जागचा हलला नव्हता. खांब, तुळया, कडीपाट (लाकडी छत), वर कौलं, सगळं शाबूत आणि मधे भिंतच नाही. पलीकडच्या गल्लीतलं माणूस चौकातून आरपार दिसायचं. वाडा लाकडावर उभा असतो आणि भिंत नुसतं पांघरूण, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं. आमच्या घरात पुढे कुणाला ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

१९६४ मध्ये त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या मागच्या चौकात दोन खण जागा (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण), भाडं महिना १४ रुपये. पाटी रंगवायला भाड्यापेक्षा जास्त पैसे गेले, असं आई सांगायची. मी १९८६ मध्ये बारावीनंतर आलो. नंतरची वीसेक वर्षं कामं मिळत गेली, पैसे मिळत गेले, काहींचे अजून यायचे आहेत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

हत्यारांबद्दल मात्र लिहिलं पाहिजे. वडिलांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आजही आमच्याकडे आहे. दांडा चार वेळा बदलला, पातं तेच. बारीक कामाच्या पटाश्यांचा संच आहे, त्यातली अर्ध्या इंचाची उगाळून उगाळून बोटाएवढी राहिलीय. केळफुलाच्या नक्षीतल्या पाकळीची आतली कड साफ करायला तिच्यासारखी दुसरी नाही. लाकडावर रेघ आखायची शिसवी खतावणी आहे. ओळंबा पितळी आहे, तो कसब्यातल्याच तांबट आळीतून घेतलेला. गुण्या आणि गिरमिट आता कुठेही मिळतात, पण त्या गिरमिटाने जुन्या सागात भोक पाडून दाखवा. दीडशे-दोनशे वर्षं वाळलेला साग लोखंडासारखा झालेला असतो, हलकी पाती त्याच्यात जळतात. आज बाजारात 'घाना साग' म्हणून जे मिळतं ते घरच्या खुर्चीला ठीक. तुळईला जोड द्यायला ते वापरलं तर दोन पावसाळ्यांत सांधा तोंड उघडतो.

आमचं मुख्य काम खांबाच्या बुडाचं. खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा असतो, जोत्यातून ओल चढते आणि पहिली वीतभर जागा कुजते. बाकी खांब ठणठणीत असतो, वाजवून बघा, घंटेसारखा बोलतो. अशा वेळी दोन्ही बाजूंनी तुळईला टेकू द्यायचे, स्क्रू जॅक लावायचा आणि वर उचलायला लागायचं. दिवसाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. घाई केली की माडीवरचा गिलावा तडकतो आणि मालक खाली येऊन आपल्यालाच तडकतात. तळखडा मोकळा झाला की कुजका भाग कापायचा, जुन्याच सागाचा तुकडा खाच-कुसू करून (एकात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ) बसवायचा, मग पुन्हा एकेक सूत खाली. वडील सांधा बंद करण्याआधी आतल्या अंगाला पेन्सिलीने तारीख लिहायचे. कुणाला दिसणार, असं मी एकदा विचारलं होतं. 'पुढच्या सुताराला,' एवढंच म्हणाले.

आता भागीदाराकडे येतो. मुलगी म्हणते नको, पण मी येतो. १९९५ मध्ये माझ्याच वयाचा एक गवंडी माझ्याबरोबर आला. नाव लिहीत नाही. चुन्याचा हात असा की मी नंतर पाहिला नाही. चुना महिनाभर भिजवायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, गुळाचं पाणी किती आणि हिरड्याचं किती हे डोळ्यांनी ठरवायचा. लाकूड माझं आणि भिंत त्याची अशी नऊ वर्षं आम्ही कामं केली. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या घाटाचे कोरीव खांब बघायला आम्ही रविवारी सायकलवरून जायचो आणि समोरच्या फूटपाथवर उभं राहून वाद घालायचो, कारागिराने आधी काय कोरलं असेल यावर.

२००४ मध्ये तो पाडकामात गेला. ज्यांना या धंद्याची माहिती आहे त्यांना सांगायला नको, पेठांत पाडकाम करणारा मालकाकडून पैसे घेत नाही, मालकाला पैसे देतो, कारण निघालेलं लाकूड पाडणाऱ्याला मिळतं. दुरुस्तीच्या सहा महिन्यांत जे सुटायचं नाही ते त्याला तीन आठवड्यांत सुटायला लागलं. मी जिथे दुरुस्तीचा अंदाज द्यायला जायचो तिथे दुसऱ्या दिवशी हा जाऊन सांगायचा, 'कशाला खर्च करताय, मीच तुम्हाला चार लाख देतो.' मालकाचंही काय चुकलं? १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठलेली. १९९९ चा नवा कायदा आला त्यात वर्षाला चार टक्के वाढ. अकरा रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे. त्यात कौलाचा एक तुकडा येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही आणि दोघं मिळून वाडा पडायची वाट बघतात. मधे आम्ही टेकू घेऊन उभे.

खोटं कशाला बोलू, पाडलेल्या वाड्यांचं लाकूड आम्हीही घेतो. दुरुस्तीला तेच लागतं. एक वाडा उभा ठेवायचा तर दुसरा कुठेतरी पडलेला असावा लागतो. पण पडलेला घेणं आणि पाडणं यात फरक आहे, असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलोय.

२००९ मध्ये आमचाच वाडा पुनर्विकासाला निघाला. आम्ही भाडेकरू. बिल्डरने सगळ्यांना बसवून नकाशा दाखवला, तळमजल्यावर रस्त्याला लागून ३०० चौरस फुटांचं दुकान आमच्या नावाने रंगवलेलं होतं. तोपर्यंत पर्यायी जागेचं भाडं तो देणार. संमतीपत्रावर बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझी शेवटची. आयुष्यभर लोकांना 'पाडू नका, दुरुस्त होतं' सांगणारा माणूस मी, आणि मी सही केली. मागच्या चौकात छप्पर गळत होतं, पावसाळ्यात मशीनवर ताडपत्री घालायला लागायची आणि रस्त्यालगतचं दुकान म्हणजे काय हे दुकानदारालाच कळतं. वडील तेव्हा होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि रिक्षात ठेवली.

त्याच वर्षी मे महिन्यात वाडा पाडला. पाडकाम कुणाला मिळालं असेल, ओळखा.

परवानगी 'येतेच आहे' असं दिवाळीपर्यंत ऐकलं. २०१० उजाडलं आणि संरक्षित स्मारकांचा कायदा बदलला. स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरला वेगळी परवानगी. आमची जागा शनिवारवाड्यापासून शंभराच्या आत. बिल्डरने सात महिने भाडं दिलं, आठव्या महिन्यात फोन उचलणं बंद केलं.

ज्या कायद्याचं स्वागत आम्ही पेढे वाटून करायचं, त्याच कायद्याने आमचा गाळा गेला. आणि खरी मेख पुढेच आहे. त्याच कायद्यात १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मागता येते. आमचा वाडा त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे आम्ही तो पाडला नसता तर दुरुस्त करून आजही तिथे बसलो असतो. मोकळ्या जमिनीची दुरुस्ती होत नाही.

पुढची तीन वर्षं मी कुणाला सांगितलेली नाहीत. अकरा कारागीर होते, तीन राहिले. पतपेढीचं कर्ज फेडायला रंध्याचं मोठं मशीन विकलं. एका बुधवारी जुन्या बाजारात स्वतःचेच क्लॅम्प विकायला बसलो होतो, तर ओळखीचे एक गिऱ्हाईक समोर आले आणि त्यांनी दर विचारला. त्यांनाही लाज वाटली, मलाही.

तेव्हा सदाशिव पेठेतल्या मावशी उभ्या राहिल्या. नात्याने कुणी नाहीत. वडिलांच्या काळापासून दर मे महिन्यात त्यांच्या वाड्याची कौलं चाळायला, म्हणजे काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावायला, आमचा माणूस जायचा, तेवढीच ओळख. मी सांगायला गेलो की यंदा जमणार नाही, माणसं नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'परसात जागा आहे, लाकूड आणून टाक. भाडं नको, दर वर्षी कौलं चाळ म्हणजे झालं. आणि तुळशीच्या अंगावर भुसा उडता कामा नये.' तीन वर्षं आमचा कारखाना त्या परसात चालला. भुसा उडायचाच. मावशी रोज संध्याकाळी तुळस धुवायच्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात धुवायच्या.

तिथेच पहिलं मोठं काम परत मिळालं, मावशींच्याच शेजारच्या वाड्याचं. सोप्याचे (पडवीचे) सहा खांब आणि दिंडी दरवाजा. खांबांना जोड द्यायला जुना साग कमी पडत होता म्हणून झक मारत जुन्या भागीदाराच्या यार्डात गेलो. तिथे भिंतीला टेकवलेले दोन खांब बघितले आणि पायच थबकले. बुडापासून वीतभर वर जोड होता. वडिलांचा हात मी लांबून ओळखतो. आमच्याच चौकातले खांब. त्याने चहा पाजला, जुन्या गोष्टी काढल्या, दर एक रुपया कमी केला नाही. दोन हप्त्यांत पैसे दिले आणि घेऊन आलो. ते मी कुठल्याही कामाला वापरले नाहीत. आता धायरीच्या कारखान्यात दारामागे उभे आहेत. हॉटेल सजवणारे लोक येतात, हात फिरवून दर विचारतात. सांधा उघडून तारीख बघावी असं मुलीला फार वाटतं. मी उघडू दिलेला नाही.

विषय निघालाच आहे तर वाडेवाल्यांना दोन गोष्टी सांगतो, मोफत. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं आणि ती ओल भिंतीत घुसलेल्या तुळईच्या डोक्यात जाते. बाहेरून भिंत चकाचक आणि आत लाकडाची तपकीर. सागाला ऑइलपेंट फासू नका. पन्हाळीतली पानं जूनच्या आधी काढा. निम्मे वाडे बिल्डरने नाही, पिंपळाने पाडलेत. आणि पुनर्विकासाला सही करायचीच असेल तर मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय घर रिकामं करू नका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. वकिलांनी सांगितलं होतं. रस्त्यालगतचं दुकान डोळ्यासमोर होतं, ऐकू आलं नाही.

'वारसा जपा' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते येतात, फोटो काढतात, माहिती सांगतात. मुलींची शाळा जिथे १८४८ मध्ये सुरू झाली त्या भिडे वाड्यावर किती भाषणं झाली. वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला, इमारत सडत राहिली आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी तीच पाडायला लागली. त्या सगळ्या वर्षांत कुणी छपरावर चढून चार कौलं बदलली असती तर, असं मी एका सभेत म्हणालो. पुढच्या वक्त्याने माझे आभार मानले आणि विषय बदलला.

आज आमच्याकडे नऊ माणसं आहेत. मुलगी हिशोब बघते आणि आता जॅकही लावते. कसब्यातल्या आमच्या जागेवर दुचाक्या लावतात. मागच्या चौकातली विहीर फरशीखाली आहे, ते त्या गाडीवाल्यांना माहीत नाही.

मावशी चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा वाडा शंभर मीटरच्या आत नाही, तीनशेच्याही आत नाही, कुठल्याच कायद्याच्या आड येत नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या थोरल्या पुतण्याचा फोन आला. आवाजात संकोच होता. 'काका, तिघांचं ठरलंय. बाहेरच्या कुणाला देण्यापेक्षा पाडकाम तुम्हीच घ्या. लाकडाचे काय देता ते सांगा.' मी टेप घेऊन गेलो. अठ्ठावीस खांब, सगळे बोलके. तुळया एकसंध, वाळवीचा मागमूस नाही. परसात तुळस वाळलेली होती, वृंदावन जागेवर होतं. घनफूट काढून झाले, वहीत मांडून झाले, आकडा मोठा आहे.

तो मी अजून कळवलेला नाही. पुतण्यांना एवढंच सांगितलंय की मे लागलाय, गुरुवारी माणसं पाठवतो, आधी कौलं चाळून घेऊ.