१८० येनचा किल्ला

जपानातल्या मात्सुएच्या किल्ल्यात बूट काढून जावं लागतं. मागच्या नोव्हेंबरात बाबांनी बूट काढले, वाकून लाकडी उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या दरवाजात दर रविवारी लावतात, तसाच. शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शक आजोबांनी ते पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि बाबांना कमरेतून वाकून नमस्कार केला. पुढचा दीड तास त्यांनी आमची साथ सोडली नाही. कोणी सांगितलं नव्हतं, पैसेही घेतले नाहीत.

अडीच वर्षं मी या गावात राहतेय. जपान समुद्राच्या बाजूला, शिमाने प्रांतात, जेमतेम दोन लाख वस्तीचं गाव. तोक्योतल्या निशी-कासाईत पावलागणिक मराठी ऐकू येतं, इथे ते फक्त फोनवर. आमच्या क्षेत्रातल्यांना मात्सुए ठाऊक असतं ते रुबीमुळे. ही संगणकभाषा घडवणारे युकिहिरो मात्सुमोतो याच गावात राहतात, आणि नगरपालिकेनेही रुबीला आपलं मानलंय. त्याच कामासाठी मी आले. पाऊस म्हणाल तर ‘जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका’ अशी इथली म्हणच आहे.

पण आज सांगायचंय ते किल्ल्याचं.

आजोबा आम्हाला आधी तळघरात घेऊन गेले. तिथे विहीर आहे, चक्क इमारतीच्या पोटात. वेढा पडला तर पाण्यासाठी बाहेर जायला नको. मग खांब दाखवले. मोठी झाडं मिळेनात, म्हणून खांबांभोवती फळ्या लावून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या आहेत. जिने किरीच्या लाकडाचे. हे लाकूड हलकं, शत्रू आत शिरला तर जिना वर ओढून घेता येतो, आणि ते लवकर पेटतही नाही. बाबांचे गुडघे गेली चार वर्षं दुखतात. तरी प्रत्येक जिन्याला आजोबा मागे हात धरून उभे राहत आणि बाबा चढत. वरच्या मजल्यावर चारी बाजू मोकळ्या, खाली शिंजी तलाव. आई म्हणाली, “सज्जनगडावरून उरमोडीचं पाणी दिसतं तसं वाटतंय गं.”

तिथे वरच आजोबांनी ती १८० येनची गोष्ट सांगितली. त्यांच्या बोलीतलं निम्मं मला दोनदा विचारावं लागलं, पण एकही वाक्य न गाळता मी ते बाबांना मराठीत सांगितलं.

होरिओ योशिहारू यांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १६११ साली पुरा झाला. १८६८ नंतरच्या मेइजी काळात सरंजामी संपली आणि किल्ले नव्या सरकारला अडगळ वाटू लागले. १८७५ मध्ये लष्कराने इथल्या इमारती लिलावात काढल्या. बुरूज, वाडे विकले गेले, पाडले गेले. या मुख्य इमारतीला बोली लागली १८० येनची. घेणारा ती मोडून लाकूड-लोखंड विकणार होता. तेव्हा कात्सुबे मोतोएमोन हे जवळच्या गावातले मोठे शेतकरी आणि ताकागी गोन्पाची हे पूर्वीचे सामुराई पुढे आले. त्यांनी तेवढीच रक्कम उभी करून लष्कराला भरली आणि पाडकाम थांबवलं. राजा नाही, सरकार नाही. एक शेतकरी आणि एक नोकरी गेलेला सैनिक!

बाबांनी खांबावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुपारी आम्ही खंदकातल्या होडीत बसलो. थंडीत या होड्यांमध्ये कोतात्सु असतो, म्हणजे रजईखाली शेगडी आणि त्यात पाय. पूल ठेंगणे आहेत, ते आले की नावाडी छप्पर खाली घेतो आणि सगळे एकदम वाकतात. तिथेच बाबा म्हणाले, “यांनी जपलं. आपण काय केलं?”

मला तो प्रश्न लागला. इथे राहून हा सूर मी ऑफिसातल्या देशी मित्रांकडून पुष्कळ ऐकलाय आणि मला तो सहन होत नाही. मी म्हटलं, “बाबा, या किल्ल्यावर कधी लढाईच झाली नाही. आपले किल्ले लढले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी स्वतः औरंगजेब चार महिन्यांवर बसला होता, सुरुंग लावून तट उडवले त्याने. १८१८ ला रायगड जाळला, इंग्रजांनी गडागडांच्या वाटा आणि पायऱ्या फोडल्या. आपल्याला कुणी लिलावाची संधी तरी दिली का? आणि लोकांनी पैसे दिलेच की. १८९५ ला लोकमान्यांनी रायगडच्या समाधीसाठी हाक दिली, तेव्हा वर्गणी दिली ती साध्या माणसांनीच.”

पूल आला. आम्ही वाकलो. सरळ झाल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, “आणि तटावर बदाम काढून नावं कोणी कोरली? इंग्रजांनी?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण अजूनही मला वाटतं की तुलना पुरती खरी नाही. जपानात मूळ रूपात उरलेले किल्ल्यांचे मनोरे फक्त १२ आहेत. बाकी पाडले, जळाले, किंवा नंतर काँक्रीटचे उभारले. ही मंडळी तेव्हा आपल्यासारखीच चुकली होती. २०२५च्या जुलैत युनेस्कोने आपले किल्ले जागतिक वारशात घेतले तेही १२च, आणि त्या रात्री मी या परक्या गावात एकटी रडले होते.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, पुन्हा जाऊ. आजोबा होतेच. या वेळी त्यांनी तळघरातले दोन खांब दाखवले. किल्ल्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा परत मिळावा म्हणून गावकरी अनेक वर्षं झटत होते, पण बांधकामाच्या वर्षाचा पक्का पुरावा हाती नव्हता. २०१२ मध्ये आवारातल्या मात्सुए देवळात दोन जुन्या प्रार्थनापट्ट्या सापडल्या. त्यांवर साल होतं केइचो १६, म्हणजे १६११. पट्ट्यांवरची खिळ्यांची भोकं या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली. २०१५ मध्ये दर्जा मिळाला. बाबांनी चष्मा चढवला, वाकून ती भोकं पाहिली, बोटाने नाही, नुसती पाहिली. निघताना मी शिकवलेला इथल्या बोलीतला शब्द ते आजोबांना म्हणाले, “दान्दान.” आभारी आहे. आजोबांचे डोळे भरून आले.

परवा रविवारी साताऱ्याहून फोन आला. बाबा गटाबरोबर अजिंक्यताऱ्यावर झुडपं तोडायला गेले होते. गुडघ्यांमुळे त्यांना कोयता देत नाहीत, म्हणून ते ताराराणींच्या वाड्याच्या पडक्या भिंतींपाशी वही घेऊन बसले.

“तुळयांच्या खोबणी मोजल्या,” म्हणाले. “मातीने भरल्या होत्या, काडीने साफ केल्या. सतरा सापडल्या. पुढच्या रविवारी टेप घेऊन जातो.”