छतावर की गवतावर?

रिटायर झाल्यावर आम्ही सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) घेतला आणि ओहायोतून पश्चिमेकडे निघायचं ठरवलं. यांची एकच अट: रविवारी फुटबॉल दिसलं पाहिजे. (अमेरिकन फुटबॉल. इतक्या वर्षांत मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही.) अँटेना निवडायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

दुकानातला माणूस छतावर कायमच्या बसवायच्या घुमटाचं (म्हणजे झाकणाआड फिरणाऱ्या सॅटेलाइट डिशचं) गुणगान गात होता. बटण दाबा, सॅटेलाइट आपोआप सापडतो, पावसात बाहेर पडायला नको. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण आधीच्या वर्षीचा येलोस्टोनजवळचा भाड्याचा ट्रेलर आठवला. त्यालाही छतावर असाच घुमट होता, शंकराच्या पिंडीएवढा. अर्धा तास आत गुरगुरत फिरला, थांबला, पुन्हा फिरला. चूक त्याची नव्हती. टीव्हीचे सॅटेलाइट विषुववृत्तावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंच. येलोस्टोनहून 110 अंश पश्चिम रेखांशावरचा सॅटेलाइट दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 39 अंशांवर येतो. पन्नास फुटी पाइन त्या बाजूला पन्नास फुटांच्या आत उभा असला की खेळ खलास. शेवटी ट्रेलर उन्हात नेऊन लावला, आणि दुपारभर आम्ही भाजून निघालो.

म्हणून यंदा सुटा घुमट घेतला, किंग कंपनीचा टेलगेटर. ट्रेलर सावलीत, घुमट पन्नास फूट केबलच्या टोकाला उघड्या गवतावर. वीजही त्याच केबलमधून जाते. सॅटेलाइट टीव्हीची सर्व्हिस डिश नेटवर्कची (आपल्याकडची डिश टीव्ही वेगळी), कारण डायरेक्टटीव्ही या दुसऱ्या कंपनीचं एचडी एवढ्याशा घुमटात येत नाही, त्याला मोठी उघडी डिश लागते. एक खोट आहे: चॅनल वेगवेगळ्या सॅटेलाइटवर असतात आणि घुमट एका वेळी एकाच सॅटेलाइटकडे बघतो, त्यामुळे दोन टीव्हींवर हवे ते दोन चॅनल लागतीलच असं नाही. आमचा टीव्ही एकच, आणि माझ्या मालिका फोनवर.

चोरीची भीती म्हणून घुमट सायकलच्या कुलपाने पिकनिक टेबलाला बांधते.

पहिल्याच रविवारी चित्राचे तुकडे पडायला लागले. आकाश निरभ्र. बाहेर जाऊन पाहिलं तर घुमटावर दवाचे टपोरे थेंब. माउंटन टाइममुळे (इकडची घड्याळं ओहायोच्या दोन तास मागे) मॅच सकाळी 11 ला सुरू होते, आणि आमचं गवत तोवर सावलीतच होतं. यांचा जुना पंचा घेऊन घुमट कोरडा केला, अभिषेकानंतर पुसतात तसा. मिनिटभरात आतून आरोळी आली. टचडाउन की काय ते.