पोटदुखी

दिवाळी झाली की आमच्या बीडकडं गावं अर्धी रिकामी होतात. कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, साखर कारखान्यांकडं, लेकरं आजीजवळ. आज अंगणवाडीत एक चार वर्षांचा गडी सकाळपासून "पोट दुखतंय" म्हणत होता. (खिचडी मात्र दोनदा घेतली!) या वयात मनातलं पोटावरच येतं. पाटीवर हसरं, रडकं, रागावलेलं, भ्यालेलं अशी तोंडं काढून दिली. "तुझं कोणतं रे?" त्यानं रागावलेल्यावर बोट ठेवलं, वर खडूनं त्याला मोठाले दात काढले. "माय न सांगता गेली."

"मग राग येणारच की," म्हटलं.

लेकरू झोपेत सोडून निघू नका, सांगून जा, असं बायांना दरवर्षी सांगते. पण मुकादमाची गाडी रात्रीच निघते, करणार काय?

संध्याकाळी आजीच्या फोनवरून मायशी बोलला. चांगला भांडला.