घाण्याचा बैल अन् माझी मोटर

सकाळपासून लॅपटॉपवर मोटर फिरवून राहिलो. खरी नाही, परमनंट मॅग्नेट सिंक्रोनस मोटरचं मॉडेल; हिच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, कायमचे चुंबक असतात. टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, ग्राफ शून्याच्या वरखाली नाचत होता अन् रोटर जागेवरच थरथरत होता. करंट ताब्यात ठेवणाऱ्या दोन्ही पीआय कंट्रोलरचे गेन, म्हणजे त्यांचे सेटिंगचे आकडे, बदलून पाहिले. फरक शून्य.

दुपारी लाइन गेली. बॅटरी १८ टक्के. बाबा कपाशीत डवरा मारून आले, म्हणे, "काय करून राह्यला बे?"

सांगितलं, तीन फेजचे करंट रोटरसोबत फिरणाऱ्या दोन अक्षांवर उतरवायचे. एक चुंबकाच्या दिशेचा, तो शून्य ठेवायचा. दुसरा त्याला काटकोनात, फिरवायचं काम त्याचं.

"म्हणजे घाण्याचा बैल. मधल्या खुंटाकडं ओढून काय फायदा? गोल चालला तरच घाणा फिरते." करंट असे दोन अक्षांवर उतरवायचे, याला पार्कचं रूपांतर म्हणतात; हेच डोक्यात शिरायला मला अख्खं सेमिस्टर लागलं होतं! पुढं तंबाखू मळत विचारते, "पण बैल कुठं हाये, हे तुह्या मशीनले समजते का?"

कोन! मी रोटरचा नुसता यांत्रिक कोन दिला होता. मोटरला ४ पोल-जोड्या (चुंबकाच्या उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्या), म्हणजे विद्युत कोन त्याच्या ४ पट. एक गुणाकार राहिला अन् सकाळ गेली.

आता ग्राफ सरळ आला. पण मोटरच्या १ सेकंदाला लॅपटॉप ४० सेकंद घेतो. रिअल टाइममध्ये, १० किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०,००० वेळा, करंट मोजण्यापासून पीडब्ल्यूएमपर्यंत (व्होल्टेज झटपट चालू-बंद करून मोटरला देणं) सगळं १०० मायक्रोसेकंदांत उरकावं लागते. लाइन अजून आली नाही, हे मोबाइलवरून लिहून राहिलो.