रविवारी दुकान बंद का नसतं

माझा भाचा जर्मनीत शिकायला गेलाय आणि तिकडच्या पहिल्याच रविवारी त्याची पंचाईत झाली. घरात दूध नाही, अंडी नाहीत, खाली उतरून बघतो तर सगळी सुपरमार्केटं बंद. स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी थोडा वेळ बेकरी, एवढंच काय ते चालू. त्याने व्हिडिओ कॉल लावून मला तो ओस पडलेला रस्ता दाखवला, तेव्हा मी दुकानात होते, माझ्या मागे कोल्हापूरची मंडळी कोकम आगळाच्या बाटल्या उजेडात धरून बघत होती आणि एक बाई विचारत होत्या की खाजं कालचं आहे की आजचं. भाचा म्हणाला, "मावशी, इथे रविवारी रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला पण मनाई आहे, आवाज होतो म्हणून." मी म्हटलं बरं आहे रे बाबा तुझं, ठेव आता, गिऱ्हाईक आहे.

पण नंतर त्याने काय काय पाठवलं ते वाचत बसले. जर्मनीत रविवारची विश्रांती थेट राज्यघटनेत आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं उचललं. इंग्लंडमध्ये १९९४ चा कायदा आहे, तीन हजार चौरस फुटांपेक्षा मोठं दुकान असेल तर रविवारी फक्त सहा तास, ते पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यामध्येच, आणि छोट्या दुकानाने काय वाटेल ते करावं. म्हणजे तिकडे असते तर आमच्या दुकानाला कोणी विचारलंच नसतं. हे वाचून उगाच बरं वाटलं.

आमचं दुकान मालवणच्या बाजारपेठेत. काजू, कोकम, आगळ, मसाला, खाजं, लोणची, पापड. सासऱ्यांच्या काळात ते साधं किराणा दुकान होतं आणि तेव्हा आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायलाच लागायचं, १९४८ चा शॉप अ‍ॅक्ट होता ना. कुठला वार बंद ठेवणार ते कळवायचं आणि तशी पाटी लावायची. आणि रोज दुपारी एक ते चार शटर खाली, हे काही कुठल्या कायद्यात नव्हतं पण कायद्यापेक्षा जास्त पाळलं जायचं. दुपारी जेवून झोपलेल्या माणसाला उठवायला यायचं धाडस गिऱ्हाईकसुद्धा करायचं नाही. अजूनही इतर दिवशी बरीचशी पेठ दुपारी आडवी होते, मुंबईहून आलेल्यांना ते बघून हसू येतं आणि चौथ्या दिवशी तेही झोपायला लागतात.

मग डिसेंबर २०१७ पासून राज्यात नवीन कायदा आला. वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवा, फक्त कामगाराला आठवड्यातून एक दिवस सलग चोवीस तास सुट्टी द्या. पेपरात मोठ्या मोठ्या बातम्या होत्या, आता रात्रभर मॉल वगैरे. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणीची कटकट नव्हती, नुसतं कळवायचं होतं. आमच्या दुकानात मी, नवरा आणि मदतीला एक मुलगी. मालकाला सुट्टी कधी, याबद्दल कायदा काही बोलत नाही.

तर रविवार. आमच्याकडचा रविवार आता आमचा राहिलेला नाही हो, तो पुण्याचा, मुंबईचा आणि कोल्हापूरचा आहे. हे लोक शुक्रवारी रात्री निघतात, शनिवारी किल्ला, स्कुबा, तारकर्ली, देवबाग, रात्री सुरमई थाळी, आणि रविवारी सकाळी दहा-अकराला रूम सोडून बॅगा गाडीत टाकून बाजारात येतात, कारण घरी काहीतरी न्यायला पाहिजे. म्हणजे आमचा सगळ्यात जोराचा धंदा कधी, तर रविवारी अकरा ते अडीच. आणि घरी माशाची कढी कधी तयार होते? एक वाजता. बघा आता.

बाहेरच्यांना हे दुःख कळणार नाही. आमच्या घरी सोमवारी शंकराचा वार म्हणून मासे नाहीत, गुरुवारी नाहीत, शनिवारी नाहीत, संकष्टी आली तर एक वार अजून गेला. मंगळवार आमच्याकडे अर्धा अर्धा आहे, सासूबाई खात नाहीत आणि बाकीचे गुपचूप खातात. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यात रविवार म्हणजे पोरं घरी, नवरा सकाळी सकाळी पिशवी घेऊन मासळी बाजारात जाणार, तिथे ओळखीच्या मावशीकडे घासाघीस करणार, ती म्हणणार "आज हॉटेलवाल्यांनी सगळी सुरमय उचलल्यानी, तुका बांगडे देतंय, घे आणि गप जा", आणि हा बांगडे घेऊन गप येणार. रविवारी मोठी मासळी पर्यटकांच्या थाळीत जाते आणि भाव पण तसेच असतात. तक्रार नाही, ताजा बांगडा कुठल्या सुरमईला हार जात नाही. पण तो तिखल्यात पडल्यावर तासाभरात खायचा असतो, अडीचला शटर ओढून, घामेजून, गार भातावर नाही.

मधे आम्ही ठरवलं की जाऊ दे, रविवारी दुपारी बंद ठेवू, जेवू, झोपू, चारला उघडू. नवरा म्हणाला आपण जेवत असू तेव्हा लोक समोरच्यांकडून घेऊन जातील आणि चारला आपण उघडू तेव्हा ते फोंडा घाटात असतील. खरंच तसंच झालं. शिवाय मोबाईलच्या मॅपवर आमचं दुकान रविवारी उघडं दाखवतं, ते कोणी टाकलं देव जाणे, मग एक गृहस्थ बंद शटरवर थाप मारून वरच्या खिडकीकडे बघून ओरडले की अहो मॅपवर उघडं आहे. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मग मॅपाकडसून घेवा."

तेव्हा रविवारी उघडं. मग सुट्टी सोमवारी घ्यावी, असं कोणीही म्हणेल. सलूनवाले सोमवारी बंद असतात, त्यांचा रविवार सोमवारी असतो, महाराष्ट्रभर तसंच आहे. कोळणींचा धंदा पण सोमवारी थंडा, कारण निम्मं गाव खात नाही. पण मालवणचा आठवडा बाजार सोमवारी! त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, भाजी, सुकी मासळी, मिरच्या, मडकी, आणि मसाल्याचं सामान आमच्याकडून. पर्यटक कोकम नेतात पण गिऱ्हाईक म्हणून वर्षभर टिकतं ते हे सोमवारचं, त्यांना बंद दार दाखवायचं म्हणजे पाप. आणि समजा घेतली सोमवारी सुट्टी, तर खाणार काय, डाळ-भात? सुट्टीच्या दिवशी डाळ-भात खायचा असेल तर दुकानात बसलेलं काय वाईट.

आमच्याकडच्या मुलीची गंमत अजून वेगळी आहे. तिला आम्ही म्हटलं की आठवड्याची सुट्टी कधी पाहिजे ते सांग. ती म्हणाली रविवार. मी म्हटलं अगं तोच एक दिवस गर्दीचा. तर ती म्हणाली काकी, माझ्या वाडीतून सकाळी येणारी एसटी शाळेच्या पोरांसाठी आहे, रविवारी शाळा नाही म्हणून ती फेरी नाही, मी येऊ कशी? म्हणजे तिचा रविवार एसटीच्या वेळापत्रकाने ठरवून टाकलाय. सीझनमध्ये नवरा बाईकने आणायला जातो, तिला बदल्यात दुसरा दिवस आणि जादा पैसे, पण तिला रविवार पाहिजे असतो कारण भावाची मॅच असते. भात कापून झालं की शेताडीत पिच करतात आणि मग शिमग्यापर्यंत दर रविवारी कुठे ना कुठे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, माईकवर मालवणी कॉमेंट्री, बक्षिसाला रोख रक्कम नाहीतर कोंबडा. मला क्रिकेट कळत नाही, पण रविवारी दुकानात बसून लांबून तो माईक ऐकू येतो तेव्हा चिडचिड होते हे खरं.

आजेसासरे मुंबईला गिरणीत होते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, जूनच्या १० तारखेला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं मालकांशी भांडण चालवलं होतं, एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा पण झाली होती. त्याआधी कामगारांना सणावाराचीच काय ती सुट्टी. आणि त्या गिरण्यांत माणसं कुठली होती, तर आमच्याकडची, तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, सगळी रत्नागिरीच. आजेसासरे सांगायचे म्हणे की रविवारी खोलीत पाळीपाळीने आंघोळ, मग गावमंडळाची मीटिंग, मीटिंगमध्ये गावच्या देवळाच्या छपरावरून भांडण, आणि संध्याकाळी गावी पत्र लिहायचं. ज्यांनी रविवार मिळवला त्यांच्यातल्याच एकाची नातसून रविवारी दुकान उघडून बसली आहे, आणि समोर उभा असलेला जो पर्यटक असतो तोही बहुतेक वेळा दोन पिढ्यांपूर्वीचा कोकणातलाच निघतो. "आमचं पण गाव इकडेच, कुडाळच्या पुढे" म्हणून पाच टक्के सूट मागतो.

रत्नागिरीला माझी मैत्रीण आहे, तिचा नवरा दुबईला. तिच्या घरात सुट्टीचा वार पूर्वी शुक्रवार होता, तो तिकडे मोकळा तेव्हा इकडे हिची आणि पोरांची शाळा-ऑफिस, बोलणार कधी. २०२२ च्या जानेवारीपासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस. ती म्हणाली लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा आमचा रविवार एक झाला. आता दर रविवारी फोन समोर टेकवून सगळे एकत्र जेवतात, तो तिकडे बिर्याणी, ही इकडे. मी तिला म्हटलं तुझा नवरा दुबईत असून तुमच्याबरोबर रविवारी जेवतो, आणि माझा खालच्या मजल्यावर असून जेवत नाही.

शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाचा रविवार मात्र मला नेहमी पक्का वाटत आलाय. सकाळी कपडे करून सगळी मिसाला जाणार, येताना बाहेर उभं राहून गप्पा, मग घरी जेवण. त्यांचं पण दुकान आहे, पण ते मिसा झाल्याशिवाय उघडत नाही, गिऱ्हाईक राहो नाहीतर जावो. धंदा काही बुडाला नाही त्यांचा. नवऱ्याला मी हे दाखवून देते तर तो म्हणतो त्यांना चर्च आहे, आपल्याला कारण काय सांगायचं, बांगडा?

का नाही सांगायचं?

खरा रविवार आम्हाला मिळतो तो पावसात. मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक गायब. तेव्हा रविवारी एक वाजता शटर खाली ओढलं तरी कोणी विचारत नाही. ताजी मासळी नसते, जी असते ती खाडीतली नाहीतर बर्फातली, पण कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर, बाहेर धो धो, आणि मग साडेचारपर्यंत झोप. श्रावण लागला की तेही गेलं, आणि चतुर्थीला चाकरमानी आले की परत दुकान.

बाकीच्या वर्षासाठी आम्ही आता असं केलंय की बुधवारी दुपारी दीडनंतर बंद, मग थेट गुरुवारी सकाळी. बुधवार का, तर कुडाळचा बाजार बुधवारी, आमच्याकडचं गावातलं गिऱ्हाईक तिकडे वळलेलं असतं, पर्यटक कमी, हॉटेलांची उचल कमी म्हणून मासळी जरा आवाक्यात, आणि मुख्य म्हणजे वार खायचा आहे. परवा सरंगे मिळाले. पोरं शाळेतून येईपर्यंत आम्ही दोघं जेवून झोपलेलो असतो, ती आल्यावर त्यांचं ताट वेगळं काढून ठेवलेलं असतं, थोडी कुरकुर होते पण चालतं. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही, त्या म्हणतात, "बुधवारी कोण दुकान बंद ठेवता, लोक म्हणतले कोणीतरी मेला." पहिल्या बुधवारी खरंच दोघंजण विचारायला आले होते.