पॉलिप काढल्यानंतर आलेला ताप : माझा अनुभव

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला, दोन सेंटीमीटरहून मोठा, चपटा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठीसारखी वाढ) कोलोनोस्कोपीतून, म्हणजे गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीतून, काढल्यावर नागपूरच्या धंतोलीतल्या रुग्णालयातून मला त्याच संध्याकाळी घरी सोडण्यात आले. रात्री थंडी वाजून ताप भरला आणि पोटात उजवीकडे एकाच जागी असे दुखू लागले की कूस बदलवेना. मे महिना असल्याने घरच्यांना ऊन लागल्याची शंका आली व कैरीचे पन्हेही तयार झाले. परंतु ताप, तीव्र पोटदुखी किंवा रक्तस्राव झाल्यास ताबडतोब यावे, असे सुटीच्या कागदावर लिहिलेले मुलाने वाचले आणि रात्रीच मला परत नेले.

आतड्याला छिद्र पडले असावे, अशी सर्जनांनाही शंका होती. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. मात्र सीटी स्कॅनमध्ये आतड्याबाहेर हवा आढळली नाही, केवळ पॉलिपच्या जागची भिंत सुजलेली दिसली. पॉलिप कापताना तारेच्या फासातून वीजप्रवाह सोडतात. त्याची उष्णता भिंतीच्या आरपार गेल्यास बाहेरचे आवरण पोळते आणि छिद्र नसतानाही छिद्रासारखीच लक्षणे दिसतात. उजवीकडे भिंत पातळ असल्याने तिथे हा धोका अधिक असतो.

उपचार म्हणजे तोंडाने काहीही न घेणे, सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक आणि पोटावर सतत लक्ष. सर्जनांनी दुखऱ्या जागेभोवती बॉलपेनने गोल काढला आणि सिस्टरना सांगितले, "दुखणं याच्या बाहेर गेलं किंवा पोट कडक लागलं, तर मला लगेच फोन करा." नुसती वाट पाहणे हाही उपचार असतो, हे माझ्या मेहुण्यांना शेवटपर्यंत पटले नाही, मला मात्र त्या गोलाचा मोठा आधार वाटला.

डावा खांदा दुखतो का, असेही डॉक्टर विचारीत. दुर्बीण आतड्याच्या डावीकडच्या वळणावरून पुढे नेताना प्लीहेला (पोटात डावीकडे वर, बरगड्यांखाली असलेल्या अवयवाला) ताण बसून क्वचित इजा होते आणि आतल्या रक्तस्रावाची वेदना खांद्यात जाणवते, असे त्यांनी सांगितले. अशा वेळी निरीक्षण, रक्तवाहिनी आतून बंद करणे किंवा शस्त्रक्रिया, यांपैकी काय करायचे हे रुग्णाच्या स्थितीवर ठरते.

ताप उतरल्यावर आधी पाणी, मग पातळ पेज सुरू झाली. पॉलिपच्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत उशिरा रक्तस्राव होऊ शकतो व तो बहुधा दुर्बिणीतूनच क्लिप लावून थांबवता येतो, असे सांगून डॉक्टरांनी तोवर नागपूरबाहेर न जाण्याची सूचना दिली. सुदैवाने तशी वेळ आली नाही आणि बायोप्सीतही कर्करोग निघाला नाही.